बारावं नाव

गुरुवार, १२ जून १९५८

नवी वही. पहिल्या पानावर नाव घालायची वडिलांची शिस्त, म्हणून घालतो: शेषगिरीराव, हेडक्लार्क, महिला कला महाविद्यालय, मेलवीथी, तंजावूर.

ही वही मी देवनागरीत लिहितो. आमच्या लोकांत घरोघर मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. आमच्या घरात आम्ही दोघंच, आणि त्यात येते ती मला एकट्याला. वडील पोथ्या उतरवून देत, त्यांनी छडी मारून शिकवलं. त्यामुळे वहीला कुलूप लागत नाही. सोळा वर्षांपूर्वी लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, तेही देवनागरीत. ओरत्तनाडूची सासरची मंडळी नुसती बघत राहिली. शेवटी मीच वाचून सांगितलं, "राजम."

आज कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं. कॉलेज म्हणजे सदतीस मुली आणि चार शिक्षक. शास्त्र नाही, टायपिंग नाही. इतिहास, तर्कशास्त्र, संगीत, भाषा. प्रिन्सिपल कनकलताबाई म्हणतात, मुलींनी आधी विचार करायला शिकावं, नोकरीचं पुढं बघू. तर्कशास्त्राचा वर्ग स्वैपाकघरात भरतो, कारण तिथं उजेड चांगला. डोशाचं पीठ वाटायचा दगड अजून तिथंच आहे, त्याच्यावर दोघी बसतात.

कॉलेजला हे घर दिलं आहे मद्रासच्या बाळकृष्णरावांनी. मोठे जज्ज होते, आता निवृत्त. त्यांच्या अटी दोन. एक, हॉलमधला झोपाळा काढायचा नाही. दोन, इथं मराठी लिहा-वाचायचा वर्ग चालला पाहिजे आणि दुसऱ्या वर्षाअखेर त्यात बारा जणी हव्यात. फेब्रुवारीत ते स्वतः येऊन हजेरी घेणार आणि एकेकीकडून लिहून घेणार. अकराच भरल्या तर घर परत. घर गेलं की कॉलेज गेलं, कारण या गावात आम्हाला दुसरी जागा कोणी देत नाही. गेल्या वर्षी वर्गात सात होत्या.

संध्याकाळी कॉफी देताना राजमनं विचारलं, "अवो, त्या कॉलेजात लग्न जालेल्या बायकांना घेतात कां?"

मी म्हणालो, "घेतात की. झाडायला."

आमची अंबा आया लग्न झालेलीच आहे, म्हणजे मी काही खोटं बोललो नाही. राजम हसली नाही. हल्ली तिला विनोद कळत नाही.

मंगळवार, ८ जुलै

आज अडीच वाजता बाईंनी मला प्रेसवर पाठवलं, फॉर्मची प्रूफं बघायला. गुरुवारी अडीचला पोस्टात पाठवलं होतं. त्याच्या आधीच्या मंगळवारी जिल्हा कचेरीत. मराठीचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, अडीच ते चार. नेमका तेवढाच वेळ मी ऑफिसात नको असतो. वीस वर्षं ताल्लुका कचेरीत काढली आहेत. कोण कोणाला का बाहेर पाठवतं हे मला कोणी शिकवायला नको.

अंबाला विचारलं, "मराठीच्या वर्गात किती जणी बसतात?"

"मला मोजायला येत नाही, सार."

हीच अंबा फुलवालीकडून गजरा हातानं मोजून घेते आणि बोटभर कमी भरला तर रस्त्यात भांडते.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मराठीच्या वर्गाचा हजेरीपट बाई स्वतःकडे ठेवतात. आज त्या इतिहास शिकवत होत्या आणि पट टेबलावर उघडा होता. उघडी वस्तू बघणं म्हणजे चोरी नव्हे.

नावं बारा. अकरा मुली मला चेहऱ्यानं माहीत आहेत. बारावं नाव बाईंच्या हातचं: ओ. जयलक्ष्मी. या नावाचा अर्ज माझ्या कपाटात नाही. ही मुलगी मी जिन्यावर, विहिरीपाशी, झोपाळ्यावर, कुठंही पाहिलेली नाही. आणि हजेरी मात्र एकही दिवस चुकलेली नाही! खऱ्या मुलीला कधी ताप येतो, कधी पाहुणे येतात. कागदावरच्या मुलीला काही होत नाही.

आता समजलं मला बाहेर का पाठवतात ते. माझ्यादेखत रिकाम्या बाकाची हजेरी कशी मांडणार?

आमच्याकडे नावाआधी गावाचं पहिलं अक्षर लावतात, तेव्हा ओ म्हणजे ओरत्तनाडू असणार. घरी राजमला विचारलं, "तुमच्या ओरत्तनाडूत जयलक्ष्मी म्हणून कोणी होती का?"

ती तांदूळ निवडत होती. "होती एक," म्हणाली.

"हुशार होती?"

"मास्तर तसं मणत."

"मग काय झालं?"

"काय होणार. लग्न करून दिलं."

म्हणजे ही ती नव्हे. संसाराला लागलेली बाई कॉलेजात कशाला येते? तरी राजमची आठवण चांगली म्हणायची. माहेरी तिला स्वतःला सगळे पापाच, म्हणजे बाळच, म्हणत. ओरत्तनाडूत मुलींची खरी नावं शाळेच्या दाखल्यापलीकडे कोणाला ठाऊक असतात, कोण जाणे.

रविवार, ७ सप्टेंबर

मोठ्या देवळात गेलो होतो. मी प्रदक्षिणा करून आलो तर मंडपाशेजारी राजम आणि कनकलताबाई बोलत उभ्या. बाई काहीतरी जोडाक्षरांबद्दल सांगत होत्या. माझी चाहूल लागल्याबरोबर दोघींनी एकदम नंदीकडे पाहिलं.

वाटेत राजमला विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"नंदी केवढा मोठा आहे, मणून सांगत होत्या."

तंजावरात वर्षानुवर्षं राहिलेल्या दोन बायका नंदी केवढा आहे यावर बोलतात? बाईंना माझ्या जागी बी.ए. झालेली कोणीतरी आणायची आहे, हे मला गेल्या वर्षापासून माहीत आहे. आता माझ्या घरातून माझी माहिती काढताहेत. राजम भोळी आहे, विचारलं ते सांगून मोकळी होईल. मी किती वाजता उठतो, ऑफिसबद्दल काय बोलतो, सगळं. तिला सांगितलं, बाईंशी कामापुरतं बोल. ती म्हणाली, "कामापुरतंच बोलते."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

नवरात्र. घरी कोलू मांडला आहे. पायऱ्यांवर देव-दशावतार, आणि खाली दरवर्षी राजम बाहुल्यांचं काहीतरी मांडते. मागच्या वर्षी बाजार होता, त्याच्या मागच्या वर्षी तिरुवैयारूचा घाट. यंदा शाळा मांडली आहे. मातीच्या बाहुल्या रांगेत बसल्या आहेत, प्रत्येकीपुढे काड्यापेटीएवढं पुस्तक. समोर एक उभी बाहुली, चष्मा लावलेली. चष्मा तारेचा, बेताचा केला आहे.

मी बाहुल्या मोजल्या. बारा.

"बाराच का?" मी विचारलं.

"रांगेत बसतील तेवढ्या ठेवल्या."

सगळ्या शेजारणी येऊन पाहून गेल्या. कनकलताबाईही आल्या, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल घेतलं, कोलूपुढे बसून एक पद म्हटलं आणि डोळे पुसले. बाहुल्या पाहून कोण रडतं? ही बाई काहीतरी फार मोठं लपवते आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

माझी वही पंचांगाखाली असते आणि तिच्यावर मी एक काळा दोरा आडवा ठेवतो. आज दोरा उभा होता.

घरात राजमशिवाय कोणी नसतं. म्हणजे दुपारी कोणीतरी येऊन जातं. अंबा असेल, बाईंनी पाठवलेली. पण अंबाला देवनागरी येत नाही आणि राजमलाही येत नाही. मग वही उघडून करतात काय? बाईंकडे नेऊन परत आणतात?

आज पानांमध्ये चिमूट-चिमूट तपकीर घालून ठेवली आहे. जी उघडेल ती शिंकेल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

घरी आलो तर राजमला जबरदस्त सर्दी. एकामागून एक शिंका, डोळे लाल. अशा अवस्थेत तिला चोराबद्दल काय विचारायचं? मिऱ्याचं सार करून पी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुमाला खरंच काही कळत नाही, नाही?"

तापात माणूस असं बोलतं. ताप मात्र नव्हता. हात लावून पाहिला.

अंबा आज कॉलेजात दिवसभर ठणठणीत होती. एकही शिंक नाही. ही माणसं फार सावध आहेत.

मंगळवार, २० जानेवारी १९५९

आज मी फसवलं त्यांना. प्रेसवर जातो म्हणून निघालो आणि देवळाच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. मराठीच्या वर्गाचं दार लोटलेलं होतं. दार उघडणं मला शोभलं नसतं, पण बाहेर चपला होत्या, त्या मोजल्या.

बाईंची एक जोडी, ती ओळखू येते. मुलींच्या अकरा. आणि एक जुनी, अंगठा हिरव्या चामड्यानं शिवलेला. ती अंबाची, असं म्हणून मी खाली आलो. घरी पोचल्यावर आठवलं की अंबा अनवाणी असते. म्हणजे ती जोडी मुद्दाम ठेवलेली! मोजणाऱ्याची फसगत व्हावी म्हणून. एवढा विचार त्यांनी केला आहे. हिरवं चामडं बाजारातल्या त्या एकाच मोच्याकडचं. राजमचीही मी पोंगलच्या आधी त्याच्याकडेच शिवून आणली, त्याच्याकडे दुसरं चामडं नसतंच. उद्या त्याला विचारायला हवं, कॉलेजची कोणी आली होती का.

बुधवार, ११ फेब्रुवारी

उद्या जज्ज येणार. पट वाचून दाखवायचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं आहे. "तुमचा आवाज स्वच्छ आहे, शेषगिरीराव," म्हणाल्या. त्यांचा धीटपणा बघा.

मी ठरवलं आहे. बाराव्या नावापाशी थांबायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की ही मुलगी नाही, हे नाव खोटं आहे. एका कागदावर तारखा उतरवून ठेवल्या आहेत. मला कितीदा बाहेर पाठवलं, चपला किती होत्या, सगळं.

खरं लिहायचं तर दुपारी जेवण गेलं नाही. घर गेलं तर त्या सदतीस पोरी कुठं जातील? तिरुवैयारूहून बसनं येणारी एक आहे, तिचा बाप दारात उभाच आहे, कॉलेज बंद झालं की बोहल्यावर चढवायला. आज ती झोपाळ्यावर बसून मोठ्यानं तर्कशास्त्र पाठ करत होती. पण खोट्या हजेरीवर उभं राहिलेलं कॉलेज म्हणजे काय कॉलेज? आणि माझी जागा जाणार ती जाणारच. निदान जाताना मान वर ठेवून जाईन. जज्जांना एक प्रामाणिक माणूस दिसेल, ते मला विसरायचे नाहीत, हेही मनात येतं. येतं ते लिहिलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळी कॉफी देताना राजमनं विचारलं, "आज तुमी खरंच बोलणार?"

मला वाटलं स्वागताचं भाषण म्हणते आहे. म्हणालो, "बोलणार. कोणाला आवडो न आवडो."

"शेरि, बोला," म्हणाली ती, आणि आत जाऊन ट्रंक उघडली. निळं कोर्नाडचं रेशमी लुगडं काढलं. आज सण कुठला, हे विचारायला मला वेळ नव्हता.

तीन वाजता जज्ज आले. सत्तरीचे, काठी टेकत, पण नजर कोर्टातली. झोपाळ्यावर बसले, पायानं एक झोका घेतला आणि म्हणाले, "हं, मिस्टर शेषगिरीराव, वाचा. एक नाव, एक माणूस. उगाच कोणी कोणासाठी ओ द्यायची नाही."

मी झोपाळ्याशेजारी उभा, समोर पट. बाई भिंतीला टेकलेल्या, चेहरा पांढराफटक. त्यांना बघून मला बरं वाटलं, हेही लिहितो. मी एकेक नाव वाचलं. एकेक मुलगी उठली, हजर म्हणाली, फळ्यावर एक वाक्य लिहून बसली. एकीनं गाईबद्दल लिहिलं, एकीनं कावेरीबद्दल. तिरुवैयारूच्या मुलीनं तर्कशास्त्राचं एक वाक्य लिहिलं आणि जज्ज खूश झाले. अकरा झाल्या.

मी खिशात हात घालून कागद धरला आणि मोठ्यानं वाचलं, "ओ. जयलक्ष्मी."

आणि थांबलो. ठरवलं होतं तेवढा थांबलो.

"हजर."

मागच्या बाकावरून. तो आवाज मी सोळा वर्षं रोज ऐकतो आहे. कॉफी झाली म्हणून ऐकतो, पान वाढलं म्हणून ऐकतो. मान वर करायला मला वेळ लागला. खांबाआडून निळं लुगडं उठलं. मुली बाजूला सरकल्या, "अक्का, या," म्हणाल्या. माझी बायको माझ्या समोरून गेली, माझ्याकडे न बघता, आणि तिनं खडू घेतला.

तिचं अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. गोल आहे, तमिळ वळणाचं. जोडाक्षरापाशी ती थांबली, मग लिहिलं. वाक्य असं होतं:

लग्नांत माझें नाव तांदळावर लिहिलें, तें मला वाचायला आलें नाही.

जज्जांनी मोठ्यानं वाचलं. झोपाळा थांबला. "मग कळलं कसं, काय नाव तें?"

"त्यांनी वाचून सांगितलं," राजम म्हणाली. "ते सांगतील तें धरायचं. माझं मला वाचायला येत नव्हतं."

"आणि आधीचं नाव?"

"तें आता या रावांनी वाचलं की."

जज्ज हसले. त्यांना काय ठाऊक. बाईंना ठाऊक होतं आणि दारातल्या अंबाला ठाऊक होतं. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला समजलं की बाईंचा चेहरा पांढरा पडला होता तो जज्जांच्या भीतीनं नव्हे. मी काय बोलणार याच्या भीतीनं.

सगळी खोली माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती, निदान मला तसं वाटलं. कागद खिशात चुरगळला. मी म्हणालो, "बारा. सर्व हजर."

"घर तुमचं," जज्ज बाईंना म्हणाले. मग पटाखाली साक्षीदाराची सही हवी म्हणाले. सही मी केली. ती माझी मलाच खोटी वाटली.

बाई नंतर ऑफिसात आल्या. "तुम्हाला सांगायचं नाही, ही जयलक्ष्मींची अट होती," म्हणाल्या. "मी दोनदा म्हटलं, सांगू या. त्या म्हणाल्या, ते हसतील."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काल घरी आल्यावर तिनं कॉफी दिली, नेहमीसारखी.

आज ऑफिसला गेलो नाही. वही पहिल्या पानापासून वाचली, ती वाचेल तशी. तिला "आणि त्यात येते ती मला एकट्याला" इथं काय वाटलं असेल? "राजम भोळी आहे" इथं? "हल्ली तिला विनोद कळत नाही" हे वाचून ती काय करत असेल, माझी धोतरं धुणं, माझा भात उतरवणं? मला लाज वाटली. या वयात, भर दुपारी, एकटा बसून कान तापेपर्यंत लाज वाटली. कोण कोणाला का बाहेर पाठवतं हे मला कळतं, असं मीच लिहिलं आहे.

२५ नोव्हेंबरच्या पानाखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं सापडलं. तपकिरीच्या डागाशेजारी. मी ते पान नंतर कधी उलटून पाहिलंच नव्हतं.

पोडी घालूं नका. नाक जळतें. विचारलें असतें तर सांगितलें असतें.

अडीच महिने ते तिथं आहे. आणि तिनंच आधी विचारलं होतं. १२ जूनला, कॉफी देताना. उत्तर मीच दिलं, आणि हौसेनं लिहूनही ठेवलं.

तोंडानं बोलायला धीर होत नाही, म्हणून इथं लिहितो. वही आज पंचांगाखाली ठेवणार नाही, खिडकीत ठेवतो. दोरा नाही, काही नाही.

मी चुकलो. तुला यापुढं काय म्हणून हाक मारू?

शनिवार, १४ फेब्रुवारी

खाली उत्तर आहे. पेन्सिलीनं. जोडाक्षर न अडता आलं आहे.

कॉलेजांत जयलक्ष्मी. घरचें विचार करून सांगते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. घरात मी नाव न घेता वावरतो, "हे बघ", "ऐकलंस का" करून. मंगळवारी अडीच वाजता बाईंनी मला कुठंही पाठवलं नाही. मी दाराबाहेर चपला नीट लावल्या, हिरवी शिवण असलेली जोडी ऊन लागणार नाही अशी आत सरकवली, आणि टेबलाशी येऊन बसलो.